झेब्रा पट्ट्यांवर गाडी का थांबत नाही?

मुंबईत रस्ता ओलांडण्याची एक ठरलेली मुद्रा आहे. उजव्या हाताचा पंजा येणाऱ्या गाड्यांच्या दिशेने उभा धरायचा, नजर चालकाच्या डोळ्यांवर रोखायची आणि पाऊल मात्र अर्धेच पुढे टाकायचे. उरलेले अर्धे पाऊल गाडीचा वेग पाहून ठरते. ही मुद्रा आपण लहानपणी आईचे बोट धरून शिकतो आणि म्हातारपणी काठी सांभाळत तीच करतो. जिथे तिची गरजच पडू नये, त्या झेब्रा पट्ट्यांवरही ती तितकीच करावी लागते आणि त्यात कुणालाच काही वावगे वाटत नाही.

हा विषय सध्या पुन्हा पुढे आला तो सर्वोच्च न्यायालयामुळे. कोइम्बतूरचे अस्थिशल्यचिकित्सक डॉ. एस. राजशेखरन यांनी २०१२ मध्ये दाखल केलेल्या रस्तासुरक्षेच्या याचिकेत न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये पादचाऱ्यांसंबंधी सविस्तर निर्देश दिले आणि राज्यांना सहा महिन्यांत नियम करण्यास सांगितले. त्याच वर्षी मे महिन्यात, चालण्यायोग्य फुटपाथ हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, असेही न्यायालयाने म्हटले होते. यामागचे आकडे भयंकर आहेत. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली आणि त्यांतले ३२,८२५ जण पायी चालणारे होते. दिवसाला सरासरी नव्वद.

फुटपाथ, फेरीवाले, खड्डे हे सगळे या चर्चेत येते आणि आले पाहिजे. या लेखात मात्र त्यातला एकच तुकडा घेतला आहे: झेब्रा पट्ट्यांवर चालकाचे कर्तव्य नेमके काय, आणि ते त्याच्याकडून पार पाडून घ्यायचे कसे?

पट्टे नेमके काय सांगतात

पांढऱ्या पट्ट्यांचे हे क्रॉसिंग ब्रिटनमधून आले. तिथे १९३४ पासून पादचाऱ्यांसाठी रस्त्यावर धातूच्या खुंट्यांच्या रांगा आणि कडेला दिव्याचे खांब बसवले जात होते, पण चालत्या गाडीतून त्या खुंट्या नीट दिसत नसत. म्हणून प्रयोग करून रुंद पट्टे ठरवण्यात आले आणि १९५१ मध्ये त्यांना कायद्याचे बळ मिळाले. म्हणजे हे पट्टे मुळात पादचाऱ्याला वाट दाखवण्यासाठी नाहीत, कारण पादचाऱ्याला रस्ता दिसतच असतो. ते चालकाला दिसावेत म्हणून काढले आहेत.

आपल्याकडे क्रॉसिंगचे दोन प्रकार मानतात. जिथे सिग्नल आहे किंवा पोलीस हाताने वाहतूक सोडतो आहे ते नियंत्रित क्रॉसिंग, आणि जिथे यांपैकी काहीच नाही, नुसते पट्टे आहेत, ते अनियंत्रित क्रॉसिंग. नियंत्रित ठिकाणी कोणी केव्हा जायचे हे दिवा सांगतो. अनियंत्रित ठिकाणी ते कायद्याने आधीच सांगून ठेवले आहे: चालकाने वेग कमी करायचा, थांबायचे आणि पादचाऱ्याला किंवा चाकाच्या खुर्चीवरून जाणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे.

आपल्यापैकी बहुतेकांची समजूत याच्या नेमकी उलट असते. गाड्यांनी जागा दिली तर पादचाऱ्याने जिथून जावे ती जागा म्हणजे झेब्रा, असे आपण मानतो. योग्य चित्र असे डोळ्यांसमोर आणता येईल की, अलीकडचा फुटपाथ रस्त्यावर अंथरत पलीकडच्या फुटपाथला नेऊन जोडला आहे, आणि गाडी त्या फुटपाथवरून आडवी जाते आहे. सोसायटीच्या फाटकातून गाडी बाहेर काढताना फुटपाथवरून कुणी चालत असेल तर आपण गाडी रोखून धरतो. झेब्रावर अपेक्षित आहे ते एवढेच.

कायद्याची गोष्ट आणि दंडाची रक्कम

हे बंधन कुठल्या जाहिरातीतले आवाहन नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११८ खाली केंद्र सरकारने २०१७ मध्ये वाहनचालनाचे विनियम काढले आणि त्यांत ते लिहिलेले आहे. त्याच विनियमांत आणखी एक वाक्य आहे, जे मुंबईकराने पाठ करावे असे आहे: पुढची वाहतूक तुंबली असून आपल्याला पलीकडे निघता येणार नाही असे दिसत असेल, तर चालकाने गाडी झेब्रावर नेऊन उभी करू नये. संध्याकाळी कोणत्याही मोठ्या नाक्यावर पाहिले तर हा नियम मोडणाऱ्या गाड्यांची रांग दिसते आणि पादचारी त्यांच्या बॉनेटमधून वाट काढत असतात. कुणी चिडतही नाही.

दंडाचे म्हणाल तर, हे विनियम मोडल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १७७ क नुसार किमान ५०० आणि कमाल १,००० रुपये दंड होऊ शकतो. सिग्नल तोडणे किंवा लोकांना धोका होईल अशी गाडी हाकणे हे कलम १८४ मध्ये जाते आणि तिथे पहिल्याच गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा कैदही आहे. महाराष्ट्रात तडजोडीच्या दंडाचे, म्हणजे कोर्टात न जाता भरून मोकळे व्हायच्या रकमेचे, वाढीव दर डिसेंबर २०२१ पासून लागू झाले. आणि माणूस मेलाच तर भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ आहे, ज्यात पाच वर्षांपर्यंतची शिक्षा आहे.

म्हणजे कायद्याला दात आहेत. पण ते दिसतात ते अपघात होऊन गेल्यावर. अपघात न होता नुसतेच झेब्रावरून न थांबता गेल्याबद्दल चलन फाडले गेले, असा माणूस मी माझ्या ओळखीत शोधून पाहिला. हेल्मेटची, नो पार्किंगची, सिग्नलची चलने पुष्कळांना आलेली आहेत. झेब्रावर वाट न दिल्याचे एकालाही आलेले नाही.

थांबायला किती जागा लागते

नियम राबवण्याआधी एक हिशेब करावा लागतो, कारण तो न करता चलन फाडले तर ते अन्यायाचे होईल. पादचारी पट्ट्यांवर उतरला त्या क्षणी गाडी पाच मीटरवर असेल, तर जगातला कोणताही चालक थांबू शकणार नाही. त्यात चालकाचा दोष नाही.

गाडी थांबण्याचे दोन भाग असतात. माणूस दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो आणि त्या सेकंदात गाडी आपल्या वेगाने पुढे जातच राहते. त्यानंतर ब्रेक लागून वेग उतरतो. ब्रेक करकचून न मारता, मागच्या सीटवरच्या माणसाच्या हातातला चहा सांडणार नाही इतपत बेताने दाबला असे धरले, तर ताशी ३० किलोमीटरच्या वेगाला एकूण सुमारे २० मीटर लागतात, ४० ला सुमारे ३२ आणि ५० ला सुमारे ४६. लोकलचा एक डबा साधारण २० मीटर लांब असतो. म्हणजे तिशीतल्या गाडीला एक डबा पुरतो आणि पन्नाशीतल्या गाडीला दोन डब्यांहून जास्त जागा हवी. पावसात रस्ता ओला असला की हे अंतर आणखी वाढते.

वेगाचा परिणाम असा दुपटी-तिपटीत का जातो, तर ब्रेकने जी ऊर्जा जिरवायची असते ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ५० च्या गाडीत ताशी ३० च्या गाडीपेक्षा जवळजवळ २.८ पट ऊर्जा असते, आणि थांबता आले नाही तर त्यातली उरलेली ऊर्जा समोरच्या माणसाच्या अंगावर येते. सरासरी वेग एक टक्का वाढला तर प्राणघातक अपघाताचा धोका चार टक्क्यांनी वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

यावरून अंमलबजावणीचे एक साधे साधन मिळते. झेब्रापासून त्या रस्त्याच्या वेगमर्यादेनुसार थांबण्याचे अंतर मोजायचे आणि तिथे कडेला एक शंकू किंवा खांब उभा करायचा. पादचाऱ्याने पट्ट्यांवर पाऊल ठेवले तेव्हा गाडी त्या खुणेच्या मागे होती, तर तिला थांबायला पुरेशी जागा होती आणि ती थांबली नाही तर चलन योग्य आहे. गाडी खुणेच्या पुढे आलेली होती, तर चलन नाही. वादाला जागा उरत नाही आणि हवालदाराच्या मर्जीलाही उरत नाही.

थांबलेली गाडी घात करते तेव्हा

झेब्रावरचा सर्वांत फसवा अपघात हा कुणीतरी नियम पाळल्यामुळे होतो. दोन-तीन मार्गिकांच्या रस्त्यावर कडेच्या मार्गिकेतली बस थांबते, चालक हाताने खूण करतो, आजी निश्चिंत होऊन पुढे निघतात आणि बसच्या आडून शेजारच्या मार्गिकेतली दुचाकी त्याच वेगाने येते. दुचाकीस्वाराला आजी दिसलेल्या नसतात आणि आजींना दुचाकी. दोघांच्या मध्ये बस आहे. दुचाकीस्वाराला तर असेही वाटलेले असते की बस प्रवासी उतरवायला थांबली आहे.

थांबण्याचे बंधन प्रत्येक गाडीवर स्वतंत्र आहे. शेजारचा थांबला म्हणून माझे काम झाले, असे होत नाही. उलट झेब्राजवळ शेजारची गाडी विनाकारण थांबलेली दिसली, तर तिच्या आड माणूस आहे असेच समजले पाहिजे. याला रस्त्याच्या आखणीतही उपाय आहे. थांबरेषा, म्हणजे गाडीने जिच्या अलीकडे थांबायचे ती आडवी पांढरी रेघ, झेब्राला चिकटून न काढता बरीच मागे काढली, तर थांबलेल्या गाडीच्या पुढे मोकळी जागा राहते आणि शेजारच्या मार्गिकेतून येणाऱ्याला पादचारी आधी दिसतो. खर्च म्हणाल तर एका रेघेच्या रंगाचा.

डावे वळणही असेच घातक. सिग्नलवर पादचाऱ्याला हिरवा माणूस दिसतो (दादरमध्ये २०२० पासून काही दिव्यांवर हिरवी बाईही दिसते, आणि ते छान झाले), पण त्याच वेळी डावीकडे वळणारी वाहने झेब्रावर येत राहतात. ‘फ्री लेफ्ट’ या शब्दातल्या ‘फ्री’चा अर्थ आपण पादचाऱ्यापासून मुक्त असा लावून घेतला आहे. वळणाऱ्या चालकानेही पट्ट्यांवरच्या माणसाला आधी जाऊ द्यायचे असते.

कॅमेरे आहेत, मग अडचण कुठे?

मुंबईत २०१६ पासून ई-चलन आले आणि रस्तोरस्ती कॅमेरे बसले. सिग्नल तोडणे आणि थांबरेषा ओलांडणे यांची चलने घरपोच येऊ लागली. हे त्या कॅमेऱ्याला जमते, कारण तिथे दोनच गोष्टी पाहायच्या असतात: दिवा लाल होता का आणि गाडी रेषेच्या पुढे होती का. एक छायाचित्र पुरते.

वाट न देणे हा गुन्हा एका छायाचित्रात मावत नाही. पादचारी कधी उतरला, तेव्हा गाडी किती दूर होती, तिचा वेग काय होता, माणसाला मागे सरावे लागले का, हे सगळे काही सेकंदांच्या चलचित्रातूनच कळते आणि ते पाहून ठरवणारा माणूस लागतो. कॅमेऱ्याच्या चलनाला केंद्रीय नियमांचीही चौकट आहे. कॅमेरा आहे असा फलक लावावा लागतो आणि गुन्ह्यापासून पंधरा दिवसांत नोटीस पाठवावी लागते. ही चौकट योग्यच आहे. पण त्यामुळे अनियंत्रित झेब्रावरचे काम निदान आज तरी माणसांनाच करावे लागणार.

रक्कम वाढवावी की खात्री?

अशा चर्चेत कुणीतरी हमखास म्हणते की, पाच हजार दंड करा, मग बघा कसे थांबतात. मला हे पटत नाही, आणि न पटण्याचे कारण मुंबईतच रोज दिसते.

आपल्या लोकलला मेट्रोसारखी फाटके नाहीत. तिकीट न काढता फलाटावर जाण्यापासून कुणी अडवत नाही. तरी लाखो माणसे पास काढतात. विनातिकीट प्रवासाचा किमान दंड भाड्यावर २५० रुपये आहे, म्हणजे फार नाही. पण टीसी कोणत्या पुलाच्या पायथ्याशी उभा असेल हे सांगता येत नाही, तो कधी ना कधी भेटतोच, आणि भेटला की चारचौघांत बाजूला घेतो. माणसाला सरळ ठेवते ती पकडले जाण्याची खात्री आणि ती लाज.

दुसरे उदाहरण दारू पिऊन गाडी चालवण्याचे. त्याविरुद्धचा कायदा जुनाच होता. २००७ पासून मुंबई पोलिसांनी रात्रीच्या नाकाबंदीत श्वासाची तपासणी सातत्याने सुरू केली, आणि पार्टीला जाताना ‘आज गाडी कोण चालवणार’ हा प्रश्न घराघरांत विचारला जाऊ लागला. त्या वर्षी लोक अचानक सद्गुणी झाले नव्हते. वाटेत कुठेतरी नळीत फुंकर मारावी लागेल, हे पक्के झाले होते.

२०२० च्या सुरुवातीला मुंबई पोलिसांनी प्रसिद्ध केलेला भोंग्यांचा प्रयोगही याच जातीचा होता. लाल सिग्नलला थांबलेल्यांच्या हॉर्नचा आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की सिग्नलचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून मोजले जायचे. दंड शून्य रुपये, पण तो तिथल्या तिथे मिळत होता.

पाच हजारांचे चलन मात्र हजारातून एकाला आणि तेही महिन्याने आले, तर ते लॉटरीसारखे वाटते. ज्याला लागते तो स्वतःला दुर्दैवी समजतो, चुकलेला समजत नाही. मग लोकअदालतीत सवलत मिळेपर्यंत तो ते भरतही नाही.

एका लहान शहराने काय करून पाहिले

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात गेन्सव्हिल नावाचे एक विद्यापीठाचे गाव आहे. २०१० मध्ये तिथली लोकवस्ती सव्वा लाखाच्या घरातली होती. त्याच सुमारास तिथे वर्षभर एक प्रयोग झाला. संशोधक रॉन व्हॅन हाउटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो आखला आणि अमलात आणला तिथल्या पोलिसांनी. साध्या वेशातला पोलीस झेब्रावरून चालत जाई, थांबण्याच्या अंतरावर खूण ठेवलेली असे आणि जो थांबणार नाही त्याला पुढे दुसरा पोलीस बाजूला घेई. सुरुवातीला केवळ ताकीद आणि माहितीचे पत्रक, मग दंड. मोहीम लपवलेली नव्हती, उलट वर्तमानपत्रे, शाळा, रस्त्यावरचे फलक यांतून तिचा गाजावाजा केला होता. आणि रस्त्याच्या कडेला फलक होते, ज्यांवर गेल्या आठवड्यात किती टक्के चालक थांबले हे लिहिलेले असे.

प्रयोगाच्या आधी पोलिसांच्या देखरेखीखालच्या क्रॉसिंगवर १०० पैकी ३२ चालक थांबत, वर्षअखेरीस ६२ थांबू लागले. जिथे पोलीस कधी उभेच राहिले नाहीत अशा क्रॉसिंगवरही प्रमाण वाढले, आणि चार वर्षांनी पुन्हा मोजले तेव्हा ते घसरलेले नव्हते.

मला त्यातला टक्केवारीचा फलक सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपण एकटेच थांबलो तर मूर्ख ठरू, ही प्रत्येक चालकाच्या मनातली भीती असते. बाकीचेही थांबतात हे आकड्यात दिसले की ती भीती जाते. मुंबईत बेस्टच्या थांब्यावर लोक रांगेत उभे राहतात, बाहेरगावचे पाहुणे त्याचे कौतुक करतात, आणि ती रांग लावायला तिथे कुणी हवालदार नसतो. रांग आहे हे दिसते म्हणून माणूस रांगेत उभा राहतो.

मुंबईत हे कुठून सुरू करता येईल

गेन्सव्हिलला एक सोय होती. शहर लहान, त्यामुळे तेच चालक त्याच झेब्रावरून रोज जात आणि बातमी पसरायला वेळ लागत नसे. साताऱ्यात किंवा चिपळूणमध्येही हे जमेल. मुंबईचे काय?

उपाय असा की, मुंबईला एक शहर समजून सुरुवात करू नये. मुलुंड स्टेशनच्या बाहेर शेअर रिक्षा चालवणारा माणूस दिवसात वीसेक फेऱ्या त्याच दोन झेब्रांवरून मारतो. शाळेच्या बसचे, पाण्याच्या टँकरचे, डिलिव्हरीच्या मुलांचे रस्तेही ठरलेले असतात. म्हणजे एक वॉर्ड, त्यातली आठ-दहा क्रॉसिंग, शाळेच्या दाराशी, रुग्णालयासमोर, स्टेशनबाहेर, एवढे धरले तर ते लहान गावच आहे. एका वेळी एक क्रॉसिंग, दोन तास, साध्या वेशातला एक पोलीस, पुढे गणवेशातले दोघे आणि चित्रण करणारा एक. पहिले दोन आठवडे फक्त ताकीद आणि मराठी-हिंदीतले पत्रक. आज इथे, परवा तिथे, कधी ते न सांगता, पण मोहीम चालू आहे हे मात्र मोठ्याने सांगत.

आणि सुरुवात बेस्टपासून करावी. बसच्या चालकांना डेपोत एकत्र सांगता येते, त्यांच्या वर साहेब आहेत, नोंदी आहेत. खासगी गाड्यांच्या लाखो मालकांना असे कुठे बोलावणार? बस थांबली की तिच्या मागची मार्गिका आपोआप थांबते, आणि एवढी मोठी लाल वस्तू झेब्राच्या अलीकडे उभी राहिलेली सगळ्यांना दिसते. बसच्या आडून येणाऱ्या दुचाकीचा धोका वर सांगितलाच आहे, त्यामुळे थांबरेषा मागे घेण्याचे काम याच्या आधी झालेले असले पाहिजे.

‘पादचारीच कुठूनही घुसतात, त्याचे काय?’

घुसतात, हे खरे आहे. दुभाजकाच्या जाळीतून वाकून जाणारे, फोनवर बोलत सरळ चालत सुटणारे, सगळे आपण पाहतो आणि पुष्कळदा ते आपणच असतो. पण झेब्रावर गाडी थांबत नसेल, तर झेब्रापर्यंत शंभर पावले चालत जाण्याचा पादचाऱ्याला फायदा काय? धोका दोन्हीकडे तेवढाच, मग तो जवळची जागा निवडतो. झेब्रावर गाड्या हमखास थांबू लागल्या की तिथे जाण्याला काही मोल येते आणि त्यानंतर पादचाऱ्याला शिस्त शिकवण्यात अर्थ आहे. शिवाय दोघांच्या चुकीची किंमत सारखी नाही. चालकाची चूक पादचाऱ्याचा जीव घेते, पादचाऱ्याच्या चुकीचीही किंमत बहुधा पादचारीच देतो.

‘थांबलो तर वाहतूक तुंबेल, आणि मागचा ठोकेल’

दोन मार्गिकांचा, म्हणजे साधारण ७ मीटरचा रस्ता ओलांडायला नेहमीच्या चालीने सहा सेकंद लागतात. म्हाताऱ्या माणसाला नऊ-दहा. सिग्नलवर आपण एका वेळी दीड-दोन मिनिटे काढतो, त्यापुढे हे काहीच नाही. गर्दीच्या वेळी स्टेशनबाहेर माणसांची रांग तुटतच नाही ही अडचण मात्र खरी आहे आणि तिथे नुसते पट्टे पुरणार नाहीत, सिग्नलच हवा. प्रत्येक झेब्रा अनियंत्रित ठेवावा असे कुणी म्हणत नाही.

मागून ठोकले जाण्याची भीती मी स्वतः अनुभवली आहे. एकदा शिवाजी पार्कच्या बाजूला दोन शाळकरी मुलांसाठी थांबलो, तर मागच्या टॅक्सीवाल्याने हॉर्नवरचा हात काढलाच नाही आणि बाजूने जाताना माझ्या घराण्याचा उद्धार करून गेला. मुले तोवर अर्ध्यावर येऊन पुन्हा मागे पळाली होती. ही भीती अचानक थांबण्यातून येते. झेब्रा लांबून दिसला, वेग आधीच उतरवला आणि मागच्याला ब्रेकचा लाल दिवा वेळेवर दिसला, तर धडक टळते. पुढच्या गाडीपासून अंतर राखणे हे मागच्याचे काम आहे आणि तेही नियमांत लिहिलेले आहे.

‘मग पूल आणि स्कायवॉक का नकोत?’

मुंबईने याचा मोठा प्रयोग केलेला आहे. एमएमआरडीएने २००८ मध्ये वांद्रे पूर्वेला पहिला स्कायवॉक उघडला आणि नंतर शहरभर ते उभे राहिले. स्टेशनातून बाहेर पडणाऱ्या लोंढ्याला काही ठिकाणी त्यांचा उपयोग होतो. द्रुतगती महामार्गावर तर पूल किंवा भुयारच हवे, तिथे झेब्रा काढणे म्हणजे माणसाला मरणाच्या दारी पाठवणे होय. पण गल्लीच्या तोंडाशी, भाजीची पिशवी घेऊन समोरच्या मेडिकलमध्ये जाणाऱ्या बाईने दोन मजले चढून दोन मजले उतरावे, ही अपेक्षा अवाजवी आहे, आणि गुडघे दुखणाऱ्यांना किंवा चाकाच्या खुर्चीवरच्यांना तर ते अशक्यच. गाडीला पाय नाहीत, इंजिन आहे. सहा सेकंद थांबायला तिला काही त्रास होत नाही.

‘यातून फक्त तोडपाणी वाढेल’

ही शंका रास्त आहे. रस्त्यात अडवले की दोघांत काही बोलणे होते आणि पावतीशिवाय गाडी पुढे जाते, हे मुंबईत कुणाला नवे सांगायला नको. म्हणूनच अंतराची खूण आणि चित्रण या दोन गोष्टी सोडून मोहीम चालवू नये. चित्रण असले की चालकाला वाद घालता येतो आणि पोलिसाला तो मिटवता येतो. चलन यंत्रातूनच निघावे, रोख काही घेऊच नये, आणि आठवड्याला किती गाड्या पाहिल्या, किती थांबल्या, किती चलने झाली हे त्याच क्रॉसिंगवरच्या फलकावर लिहावे. मोहिमेचे यश चलनांच्या संख्येवर मोजले तर थांबणाऱ्या गाड्या वाढाव्यात असे पोलीस कशाला इच्छितील? थांबणाऱ्यांच्या टक्केवारीवरच ते मोजले पाहिजे.

आधी रंग

या सगळ्याच्या आधी एक अगदी किरकोळ वाटणारे काम आहे. पावसाळा संपेपर्यंत मुंबईतले कितीतरी झेब्रा पुसट होतात, काही रस्ता खोदून पुन्हा भरताना अर्धेच उरतात, काहींवर पार्क केलेल्या गाड्या उभ्या असतात आणि काही थेट दुभाजकाच्या कठड्यात जाऊन संपतात. जो पट्टा चालकाला दिसत नाही त्यावर थांबला नाही म्हणून त्याला दंड करता येणार नाही, आणि कोर्टात तो टिकणारही नाही. म्हणून मोहिमेच्या वेळापत्रकात हवालदाराच्या आधी रंगाऱ्याचे नाव हवे: ऑक्टोबरात पट्टे आणि मागे घेतलेली थांबरेषा, दोन्ही बाजूंना काही मीटर पार्किंगबंदी, रात्री पट्ट्यांवर पडेल असा दिवा, नोव्हेंबरात ताकीद आणि पत्रके, आणि डिसेंबरात पहिले चलन.